अडुळशाला निरुपद्रवी म्हणू नका

आमच्या वांगणीत अंध कुटुंबं बरीच आहेत. लोकलमध्ये पेनं, रुमाल, मोबाइलची कव्हरं विकून घर चालवणारी ही माणसं सकाळी गाडी पकडतात आणि रात्री कर्जत लोकलने परत येतात. त्यांतल्या एका काकांशी माझी ओळख पंधरा-सोळा वर्षांची. गेल्या पावसाळ्यात ते संध्याकाळी माझ्या फाटकाशी थांबले, कुंपणाचं एक पान खुडलं, बोटांत चुरडून नाकाशी नेलं आणि म्हणाले, ‘‘अडुळसा लावलाय ना, ताई?’’ मग पिशवीतून एक बाटली काढून माझ्या हातात दिली. ‘‘हे जरा वाचून सांगा. सुनेला आठ दिवस खोकला आहे.’’

मी वाचलं. घटकांत पहिलं नाव अडुळशाच्या पानांचं. वर ठळक अक्षरांत : शंभर टक्के वनस्पतिजन्य, कोणताही दुष्परिणाम नाही, घरातल्या सर्वांसाठी. सून पाचव्या महिन्यात आहे हे मला ठाऊक होतं. मी म्हटलं, ‘‘काका, हे तिला देऊ नका.’’ ते गोंधळले. ‘‘अहो ताई, अडुळसाच तर आहे!’’ दुकानदारानेही त्यांना हेच सांगितलं होतं. शेजारणीनेही. मोबाइलवर फिरणाऱ्या एका निरोपातही हेच होतं, तो त्यांनी मला ऐकवला.

‘अडुळसाच तर आहे’ या तीन शब्दांच्या विरोधात मी हे लिहिते आहे.

आधी हे सांगते, की मी झाडपाल्याची हेटाळणी करणाऱ्यांतली नाही. माझ्या कुंपणाला अडुळसा आहे, आणि तो शोभेसाठी लावलेला नाही. अंबरनाथच्या एका औषध कारखान्यात मी निवृत्त होईपर्यंत गुणवत्ता तपासणीचं काम केलं. कच्चा माल आला की तो बाटलीत जायच्या लायकीचा आहे का, हे ठरवणं हे माझं रोजचं काम. त्या नोकरीने मला एक सवय लावली : पदार्थ कुठून आला, झाडातून की रिॲक्टरमधून, हे विचारून त्याचा गुणदोष कळत नाही. तो काय आहे, किती आहे आणि कोणाच्या पोटात जाणार आहे, हे विचारावं लागतं. अडुळशाच्या बाबतीत हे तीनही प्रश्न आज कोणी विचारत नाही, अगदी शिकली-सवरलेली माणसंसुद्धा नाहीत. माझ्या रोजच्या लेडीज डब्यात शिक्षिका होत्या, बँकेतल्या बायका होत्या, दोन नर्स होत्या. पाऊस सुरू झाला की अडुळशाच्या काढ्याची कृती डब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची. मात्रा मात्र कोणी सांगायचं नाही. ‘मूठभर पानं’ हेच माप.

लोक बाटलीतल्या खोकल्याच्या औषधांना घाबरू लागले आहेत, आणि त्या भीतीला आधार आहे. २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात ‘कोल्ड्रिफ’ नावाचं सिरप पिऊन वीसहून अधिक लहान मुलं मूत्रपिंडं निकामी होऊन दगावली. त्यांतल्या अनेकांना उपचारासाठी आपल्या नागपुरात आणलं होतं. त्याआधीची आठवण मुंबईची आहे. १९८६ साली जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीन दिल्याने चौदा रुग्ण गेले, न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला. आमच्या प्रयोगशाळेत ग्लिसरीनचा पिंप आला, की वरिष्ठ मंडळी त्या चौदा जणांची आठवण काढत, आणि मगच पिंपाचं झाकण उघडे.

पण या दोन्ही घटनांत माणसं कशाने मेली? डायएथिलिन ग्लायकॉलने. ते खोकल्याचं औषध नव्हे. औषध विरघळवायला वापरतात त्या द्रावात शिरलेलं ते स्वस्त, विषारी औद्योगिक रसायन आहे. तेव्हा या मृत्यूंवरून निघणारा धडा आहे द्राव तपासण्याचा. तो धडा बाजूला राहिला आणि लोकांनी भलताच निष्कर्ष काढला, की रासायनिक ते घातक आणि झाडाचं ते सुरक्षित. झाडाचा अर्कही बाटलीत भरायचा तर त्याला द्राव लागतो, साखर लागते, टिकवणारा पदार्थ लागतो. लेबलवर हिरवं पान छापल्याने आतल्या द्रावाची तपासणी टळत नाही. आणि पान स्वतःच रसायनांनी भरलेलं असतं, हे तर लोकांच्या मनातही येत नाही.

अडुळशाच्या पानात काय आहे ते आपल्याला सव्वाशेहून अधिक वर्षं ठाऊक आहे. डेव्हिड हूपर हे उटकमंडला सरकारी सिंकोना-रसायनज्ञ होते. त्यांनी १८८८ साली या पानांतून एक अल्कलॉइड वेगळं काढलं आणि संस्कृतातल्या ‘वासा’ या नावावरून त्याला वासिसीन म्हटलं. हेच हूपर पुढे मुंबईच्या विल्यम डायमॉक यांच्याबरोबर ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ या ग्रंथाचे एक कर्ते झाले. वासिसीनच्या रेणूत अकरा कार्बन, बारा हायड्रोजन, दोन नायट्रोजन आणि एक ऑक्सिजन. हवेत राहिलं की त्याचा काही भाग ऑक्सिजन घेऊन वासिसिनोन बनतो. त्यांच्या जोडीला वासिसिनॉल, डिऑक्सिवासिसीन अशी भावंडं, शिवाय फ्लेवोनॉइड, थोडं बाष्पनशील तेल, क जीवनसत्त्व, कॅरोटीन. वाळलेल्या पानात सगळी अल्कलॉइडं मिळून साधारण अर्धा ते दोन टक्के भरतात. अर्ध्याचे दोन म्हणजे चौपट. ‘मूठभर पानं’ हे माप इथे कोसळतं, कारण एका झाडाची मूठ दुसऱ्या झाडाच्या चार मुठींइतकी असू शकते.

हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. नोकरीत असताना एकदा कुंपणाच्या दोन झुडपांची पानं वेगवेगळी वाळवून नेली, मिथेनॉलमध्ये अर्क काढला, सिलिकाच्या पट्टीवर ठिपके दिले आणि ड्रॅगेनडॉर्फ द्रावण फवारलं. अल्कलॉइड असलं की या द्रावणाने केशरी ठिपका उमटतो. दोन्ही अर्कांना केशरी रंग आला. एक ठिपका फिकट, दुसरा गडद. माती एक, पाणी एक, दोन झुडपांत अंतर हातभर. हे काही संशोधन नव्हे, एका दुपारचं कुतूहल होतं. पण त्या दिवसापासून मी कोणाला मुठीने पानं मोजून काढा करायला सांगितलेलं नाही.

या अल्कलॉइडांची जाण माणसांआधी जनावरांना आहे. झाडाचं शास्त्रीय नाव ‘जस्टिशिया अधाटोडा’. त्यातला ‘अधाटोडा’ हा शब्द तमिळ नावावरून आला, त्याचा अर्थ शेळी ज्याला तोंड लावत नाही ते. आमच्याकडे कुंपणाला अडुळसा लावतात तोही याच कारणासाठी. शेळी बोरीचे काटे चघळते, पण अडुळशापुढून निघून जाते. जे पान शेळीसुद्धा टाळते ते ‘नुसतं पान’ कसं असेल?

आता गुणाकडे येते. गुण आहे, आणि तो खराखुरा आहे. १९२५ साली कलकत्त्याच्या रा. ना. चोप्रा आणि घोष यांनी या अल्कलॉइडाचा शरीरावरचा परिणाम तपासला. १९५९ साली अमीन आणि मेहता यांनी ‘नेचर’मध्ये वासिसिनोनच्या श्वासनलिका सैल करण्याच्या गुणाविषयी लिहिलं. म्हणजे आजीने खोकल्यावर हे पान निवडलं ते उगीच नाही, आणि ‘झाडपाला म्हणजे मनाचं समाधान’ असं म्हणणाऱ्या डॉक्टरांनी ही पानं जरा उलटून पाहावीत. पुढे जर्मनीत वासिसीनचा सांगाडा डोळ्यांपुढे ठेवून ब्रोमहेक्सिन तयार केलं गेलं आणि १९६०च्या दशकात ते बाजारात आलं. ते शरीरात गेल्यावर त्यापासून ॲम्ब्रॉक्सॉल बनतं, आणि तेही आज स्वतंत्र औषध म्हणून विकलं जातं. डॉक्टरने लिहून दिलेल्या कफाच्या सिरपवर ही दोन नावं तुम्ही वाचली असतील.

इथे अडुळशाचे अतिउत्साही भक्त एक उडी मारतात. म्हणतात, ‘बघा, ॲलोपॅथीचं सिरप म्हणजे आपला अडुळसाच! मग थेट पानच का न खावं?’ हे चूक आहे. ब्रोमहेक्सिन अडुळशाच्या पानात नसतं. तो कारखान्यात घडवलेला वेगळा रेणू आहे, त्यात ब्रोमीनचे दोन अणू आहेत. वासिसीनची आणि त्याची नातलगी आहे, ओळख एक नाही. आंब्याची कोय आणि आंब्याचं लाकूड एकाच झाडाचं म्हणून कोणी लाकूड चघळत नाही. आणि ब्रोमहेक्सिनची गोळी हातात घेतली तर तिच्यात किती मिलिग्रॅम आहे ते छापलेलं असतं. मुठीवर काय छापणार?

आता पाचव्या महिन्यातल्या त्या सुनेकडे वळते. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत डॉ. सी. के. अटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात वासिसीनवर बरंच काम केलं. त्यांना दिसलं, की वासिसीन श्वासनलिकेवर काम करतं तसंच गर्भाशयाच्या स्नायूंवरही करतं. श्वासनलिका सैल होते आणि गर्भाशय आकुंचन पावतं. हा परिणाम इतका स्पष्ट होता, की प्रसूतीनंतर गर्भाशय आवळून रक्तस्राव थांबवण्यासाठी नवं औषध म्हणून त्यांनी वासिसीनचा पाठपुरावा केला. बाळंतपणानंतर ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात, त्याच्या जातीचं काम. ज्या पदार्थाकडे शास्त्रज्ञ गर्भाशय आवळणारं औषध म्हणून पाहत होते, तोच पदार्थ ज्या पानात आहे, त्या पानाच्या बाटलीवर ‘घरातल्या सर्वांसाठी’ छापलं जातं. हे छापणाऱ्याला वासिसीन माहीत नसेल तर त्याने औषध बनवू नये. माहीत असूनही छापत असेल तर हा अपराध आहे.

मला उत्तर मिळतं, ‘एक चमचा सिरपमध्ये असं कितीसं जातं? आमच्या आईने घेतलं, आम्ही धडधाकट आहोत.’ या आक्षेपाला मी टाळत नाही. उंदरांवरचे प्रयोग एकमेकांशी जुळत नाहीत हे खरं आहे. उत्तर प्रदेशातल्या ग्रामीण बायका गर्भ पाडायला ज्या वनस्पती सांगतात त्यांची १९९०च्या दशकात तपासणी झाली, तेव्हा अडुळशाच्या पानांच्या अर्काने गर्भिणी उंदरांचे गर्भ पडले. त्याच दशकातल्या दुसऱ्या एका प्रयोगात पाण्यातला अर्क दिला तर तसं काही दिसलं नाही. अर्क कशात काढला, किती दिला, कोणत्या दिवशी दिला, यावर निकाल बदलला. पण या मतभेदाचा अर्थ ‘निर्धोक’ असा लावायचा अधिकार कोणाला दिला? कारखान्यात एका पिंपाच्या दोन चाचण्यांचे निकाल जुळले नाहीत, तर आम्ही त्या पिंपावर ‘थांबवा’ची लाल चिठ्ठी लावत होतो, ‘पास’ची हिरवी नव्हे. गर्भिणीच्या बाबतीत तरी यापेक्षा कमी काळजी घ्यावी असं कोण म्हणेल? शिवाय उत्तर प्रदेशातल्या त्या बायका हे पान गर्भ पाडण्यासाठी सुचवत होत्या, ही गोष्ट आपण वाचून पुढे जातो. लोकज्ञानाचा आदर करायचा तर त्यांचंही ज्ञान ऐका. खोकल्याचं तेवढं उचलायचं आणि गर्भाचं सोडून द्यायचं, याला परंपरेचा आदर म्हणता येत नाही. ती सोयीची निवड झाली.

परंपरेच्या नावानेच सगळ्यांत मोठा प्रतिवाद होतो, म्हणून तिथे थोडी थांबते. ‘हजारो वर्षं वापरात आहे, तेच पुरेसं प्रमाण,’ असं सांगतात. पण कोणता वापर? वैद्यकग्रंथांत वासा हे रक्तपित्ताचं, कासाचं, क्षयाचं प्रमुख द्रव्य आहे, त्याचे वासावलेह, वासारिष्ट, वासाघृत असे कल्प आहेत. प्रत्येक कल्पाची कृती ठरलेली, अनुपान ठरलेलं, रोग्याची प्रकृती, वय, ऋतू पाहून मात्रा ठरवायची. आयुर्वेदिक औषधिकोशानेही ताज्या रसाची मात्रा दिली आहे, १० ते २० मिलिलिटर. म्हणजे परंपरा मोजते. ‘कोणीही, कितीही, केव्हाही’ असं तिने कधी म्हटलं नाही. ते जाहिरातीने म्हटलं. जाहिरातीचं वाक्य चरकाच्या तोंडी घालणं हा आयुर्वेदावरच अन्याय आहे, आणि चांगल्या वैद्यांनी त्याविरुद्ध सगळ्यांत आधी बोलायला हवं होतं.

कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे नाव आज फार थोड्यांना माहीत आहे. मुंबईचे हे मराठी डॉक्टर लष्करी वैद्यकीय सेवेत होते. सहलेखक बसू यांच्या जोडीने त्यांनी केलेला ‘इंडियन मेडिसिनल प्लांट्स’ हा ग्रंथ १९१८ साली प्रसिद्ध झाला, आणि औषधी वनस्पतींवर काम करणारा माणूस आजही तो उघडतो. याच कीर्तिकरांनी १८९०च्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात मुंबई इलाख्यातल्या विषारी वनस्पतींवर लेखमाला लिहिली होती. औषधी वनस्पती आणि विषारी वनस्पती, दोन्ही विषय एकाच माणसाच्या टेबलावर. त्यांना त्यात विसंगती वाटली नाही, कारण झाड ओळखणारा माणूस त्याच्या दोन्ही बाजू ओळखतो. आज आपण अर्धेच कीर्तिकर वाचतो.

आणखी एका नुकसानीबद्दल लिहायला हवं, कारण ते आमच्या भागात डोळ्यांदेखत होतं. बदलापूर-वांगणी पट्ट्यात वीटभट्ट्या आहेत, ठाकूर-कातकऱ्यांचे पाडे आहेत. भट्टीचा धूर, चुलीचा धूर, पावसाळ्यात ओलसर भिंती. २०१९च्या जुलैत उल्हास नदीच्या पुराने महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली ती याच पट्ट्यात, बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये. त्या वर्षी दिवाळीपर्यंत कित्येक घरांच्या भिंतींना ओल होती, आणि घराघरांत खोकला होता. अशा ठिकाणी महिना-महिना खोकणारा माणूस अडुळशाचा रस घेत बसतो. कफात रक्त आलं तरी बसतो, कारण ‘रक्त थांबवायला अडुळसा’ हे त्याने ऐकलेलं असतं. तेवढ्या काळात क्षय फुप्फुसात घर करतो आणि त्याच झोपडीतल्या मुलांना लागतो. ब्रोमहेक्सिन आणि ॲम्ब्रॉक्सॉल यांनी क्षयाच्या जंतूंची वाढ काचेच्या बशीत रोखली, असं संशोधन १९९६ साली प्रसिद्ध झालं आहे, आणि ‘अडुळसा क्षय बरा करतो’ म्हणणारे त्याचा आधार घेतात. बशीतल्या जंतूंवर शुद्ध रसायन टाकणं वेगळं आणि माणसाच्या फुप्फुसातला क्षय पानाच्या रसाने बरा होणं वेगळं. क्षयाला ठरलेली औषधं महिनोन्‌महिने न चुकता घ्यावी लागतात आणि ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. दोन आठवड्यांहून जास्त खोकला राहिला, तर थुंकी तपासायची. तिथे अडुळशाने जागा अडवली, तर त्याचा गुणसुद्धा जीव घेतो.

लहान मुलांबद्दल एकच सांगते. अडुळशाचा रस मधातून चाटवायची पद्धत आहे. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊच नये. मधातून येणारे बॉट्युलिझमचे जंतू त्याच्या कोवळ्या आतड्यात वाढू शकतात. रस थांबवला आणि मध चालू ठेवला, तरी धोका तसाच राहतो.

मला विचारतील, मग तुम्ही कुंपणावरचा अडुळसा उपटून टाकणार का? मुळीच नाही. धडधाकट मोठ्या माणसाला साध्या सर्दी-खोकल्यात वैद्याने मोजून दिलेला रस मिळाला, तर माझी हरकत नाही. माझी हरकत ‘निरुपद्रवी’ या शब्दाला आहे. निरुपद्रवी म्हणजे ज्याच्यात जोर नाही ते. अडुळशात जोर आहे. श्वासनलिका सैल करण्याइतका आणि गर्भाशय आवळण्याइतका. हूपरपासून अटलांपर्यंत शास्त्रज्ञांनी या पानाला गंभीरपणे घेतलं. त्याला बिनधोक म्हणून विकणाऱ्यांनी त्याला शोभेच्या झाडाच्या पंगतीला बसवलं.

त्या संध्याकाळी काका बाटली घेऊन दुकानात परत गेले, मी बरोबर गेले. सुनेला दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे नेलं. दुकानदार भला माणूस आहे, त्याने बाटली परत घेतली आणि म्हणाला, ‘‘मॅडम, मला हे कोणी सांगितलंच नाही.’’ ते खरं आहे. काकांना तर लेबल कोणी वाचून दाखवेपर्यंत दिसणारही नव्हतं, आणि ज्यांना दिसतं त्यांना तिथे चुकीचं वाचायला मिळत होतं. म्हणून औषध बनवणाऱ्यांकडे माझी मागणी आहे : अडुळसा असलेल्या प्रत्येक बाटलीवर, मोठ्या अक्षरांत, मराठीत, ‘गरोदर स्त्रियांनी घेऊ नये’ एवढं छापा. आणि वांगणीपासून कुठल्याही गावातल्या दुकानदारांना माझी विनंती आहे, की ते छापलं जाईपर्यंत बाटली गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी विचारा, हे घेणारं कोण आहे?